पॉवर पुतण्याची, कालनिर्णय काकूंचं

अहो, ऐकलंत का? ए विंगच्या काकूंकडे रविवारी काय झालं ते? नाही? कमाल आहे बाई तुमची! खालच्या इस्त्रीवाल्याला माहीत, दूधवाल्याला माहीत, आणि तुम्ही भिंतीला भिंत लागून राहता! या जरा अशा अलीकडे. हळू बोला, वर गॅलरीत त्यांची पुतणसून कपडे वाळत घालतेय.

पुतण्याने बिल दिलं. काकूंना! हो हो, बिल. एक्सेलमध्ये केलेलं, प्रिंट काढलेलं, खाली टोटल ठळक अक्षरात. सात लाख चौऱ्याहत्तर हजार. आणि पेट्रोल वेगळं!

मी तिथे कशी? अहो, डबा परत द्यायला गेले होते. रिकामा कसा द्यायचा म्हणून चार करंज्या घातल्या होत्या, त्या काढून घेईपर्यंत थांबावंच लागतं ना. आणि काकूच म्हणाल्या, बस गं, कोणीतरी बाहेरचं असू दे. मग काय, बसले.

आता काकूंचं तुम्हाला ठाऊकच आहे. काका गेले, मुलगा फिलाडेल्फियाला, मुलगी इंग्लंडात. हा जुहूचा फ्लॅट, शिवाय चार बंगला भागातला तो भाड्याने दिलेला. गुडघे असे. तेव्हा पार्ल्याच्या पुतण्याला पॉवर ऑफ ॲटर्नी दिली, अंधेरीला जाऊन रीतसर रजिस्टर करून. बँक तो बघायचा, भाडेकरू तो बघायचा, आपल्या रिडेव्हलपमेंटचे कागद तो बघायचा. तीन वर्षं. तेव्हा सगळे कसे गदगदले होते! मुलगा फोनवर म्हणाला होता म्हणे, ‘तू आहेस म्हणून मी इथे झोपू शकतो.’ पैशाचं नाव कोणी काढलं नाही. आपल्यात काढतच नाहीत ना. घरचाच मुलगा, त्याला काय पगार द्यायचा? आणि त्यानेही मागितला नाही. मनात मात्र मीटर चालू.

रविवारी मुलगा आला होता तिकडून. मुलगी व्हिडिओ कॉलवर, फोन फुलदाणीला टेकवून ठेवलेला. सी विंगचे वकीलकाका बोलावलेले, ते आता कोर्टात जात नाहीत, पण कलमं अजून तोंडपाठ. आणि आमचे हे. ह्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मला शोधत आले आणि बिस्किटं बघून टेकले.

मुलाने बिल वाचलं. अहो, चेहरा असा उतरला! चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ‘दादा, हे जोक आहे का?’ पुतण्या म्हणाला, ‘दहा टक्के भाड्यावर, एक टक्का नव्या फ्लॅटवर. मार्केट रेट आहे.’ नव्वद हजार भाडं, त्याचे महिना नऊ हजार, तीन वर्षांचे झाले तीन लाख चोवीस हजार. आणि नवा फ्लॅट साडेचार कोटींचा धरलेला, त्याचे साडेचार लाख. अजून वीट नाही लागली हो त्या फ्लॅटची!

मुलगा तापला. ‘घरच्या माणसाने घरच्या कामाचे पैसे मागायचे? एक पैसा मिळणार नाही. आणि तीन वर्षांचा पूर्ण हिशेब मला आत्ता हवाय.’

इथे वकीलकाका काय म्हणाले ऐका. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘हिशेब मागायचा हक्क तुझा नाही, बाळा. पॉवर आईने दिलीय. हिशेब आईला द्यायचा. 1872 चा कराराचा कायदा, कलम 213. ती मागेल तेव्हा त्याने द्यायचा. तू मागून उपयोग नाही.’ अहो, अमेरिकेहून आलेला माणूस, त्याला ‘बाळा’! कान लाल झाले त्याचे. पुतण्या खूश. म्हणाला, बघा. तर वकीलकाका त्याच्याकडे वळले, ‘तू हसू नकोस. कलम 185 माहितीय? एजंट नेमायला मोबदला ठरवावा लागत नाही. फुकटही नेमता येतो. पॉवरमध्ये मोबदल्याचा शब्द नाही, मग हे दहा टक्के आणलेस कुठून?’

म्हणजे दोघांनाही गप्प केलं. मला तर इतकं... जाऊ दे.

मग फुलदाणीतून मुलगी बोलली. तिच्याकडे इंग्लंडात म्हणे असंच आहे, आपल्या माणसाने अशी कामं केली तर पदरचा खर्च मिळतो, वेळेचे पैसे कागदात लिहिले असतील तरच. मुलाला जोर आला. पण वकीलकाकांचा अभ्यास दांडगा! म्हणाले, ‘तुझ्या पेनसिल्व्हेनियात उलट आहे. तिथे कागदात काही लिहिलं नसलं तरी वाजवी मोबदला मिळतो, आणि तो ठरतो प्रत्यक्ष उचललेल्या जबाबदारीवर आणि केलेल्या कामावर. तिथल्या कायद्यातच लिहिलंय.’ आता बोला! इतकी वर्षं तिथे राहतो, आणि तिथला कायदा ह्याला जुहूत बसून कळला.

आणि इथलं काय, म्हणून मीच विचारलं. मी बोलणार नव्हते, पण राहवेना. तर म्हणाले, आपल्याकडे मधलं आहे. ट्रस्टी असेल तर कागदात लिहिल्याशिवाय कष्टाचे पैसे मागायचा हक्कच नाही, 1882 चा कायदा. कोर्टाने अज्ञान मुलाला पालक नेमला, तर कोर्टाला योग्य वाटेल तो भत्ता देता येतो, 1890 चा कायदा. आणि ठरवलंच नसेल, पण कोणी तुमच्यासाठी काम केलं, फुकट करायचा हेतू नव्हता, आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते, कलम 70. ‘म्हणजे प्रश्न एवढाच,’ म्हणाले, ‘की फुकट करायचं असा त्याचा हेतू होता का? आणि नव्हता, तर वाजवी किती?’

इथे आमच्या ह्यांना कंठ फुटला. रंगो बापूजी! अहो हो, साताऱ्याचे. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 ला गादीवरून काढलं, काशीला नेऊन ठेवलं, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. महाराज 1847 ला काशीतच वारले, रंगो बापूजी तिकडेच झगडत राहिले, 1853 ला परत निघाले. कर्ज झालं होतं डोक्यावर. ‘मग त्यांचा पगार काय धरायचा सांगा,’ हे म्हणाले. प्रबोधनकारांचं पुस्तक आहे ना आमच्याकडे, ते वाचल्यापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा रंगो बापूजी निघतो. मी डोळे वटारले. पण वकीलकाका गंभीरपणे म्हणाले, ‘मुद्दा बरोबर आहे. मालक गेला की पॉवर संपते. आजच्या कायद्यात कलम 201. वारस पुढे चालू ठेवणार असतील तर नव्याने ठरवायला हवं, नाहीतर राबणारा उघड्यावर.’ झालं, ह्यांची छाती फुगली, अजून उतरलेली नाही.

तर काय सांगत होते... हं, कालनिर्णय!

इतका वेळ काकू काही बोलल्या नव्हत्या. जप करताहेत असं वाटलं मला. त्या उठल्या, काठी टेकत आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातून कालनिर्णय घेऊन आल्या. एक नाही, चार! जुनीसुद्धा सुतळीने बांधून ठेवलेली. अहो, शाळेत गणित शिकवायच्या त्या, विसरलात? प्रत्येक चौकोनात दुधाचा आकडा, गॅस कधी आला, बाईची दांडी, आणि खाली बारीक अक्षरात निळ्या पेनाने: ‘आला 11, गेला 1. बँक.’ ‘आला 5, गेला 6. भाडेकरू, गीझर.’ तीन वर्षांचं! आणि हिरव्या पेनाने दुसरंच काहीतरी, त्यावर येते मी.

पुतण्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही. फ्रीजमधून काढलेल्या वांग्यासारखा.

काकू म्हणाल्या, ‘टक्के ठेव बाजूला. साडेचार कोटींच्या फ्लॅटवर सही करायला तुला जितका वेळ लागला, तितकाच पन्नास लाखांच्या फ्लॅटवर लागला असता. पेन तेच, रांग तीच. तास सांग.’

आणि मग बसल्या बाई शिकवणीला बसल्यासारख्या. महिन्याला साधारण बारा तास निघाले. त्यातले आठ तास नुसत्या खेपा: पासबुक, चेक टाकणं, प्लंबर येईपर्यंत थांबणं. चार तास डोक्याचं काम: भाडेकरूशी बोलणी, करार वाचणं, टॅक्सचे कागद सीएला देणं. आता भाव काय धरायचा? इथे खरी जुंपली. पुतण्या म्हणाला, माझा ऑफिसचा पगार बघा, त्या हिशेबाने तास धरा. मुलगा म्हणाला, रांगेत उभं राहायला काय एमबीए लागतं? पोऱ्याचा भाव धरा.

वकीलकाका म्हणाले, दोघंही चूक. तो ऑफिसात काय कमावतो ते बघायचं नाही, आणि घरचा म्हणून स्वस्तातही धरायचा नाही. तेच काम बाहेरच्या चांगल्या माणसाकडून करून घेतलं असतं तर काय पडलं असतं, ते बघायचं. खेपेला खेपेचा भाव, डोक्याला डोक्याचा. शेवटी खेपेला तासाचे अडीचशे, डोक्याच्या कामाला आठशे. म्हणजे महिन्याचे दोन हजार आणि बत्तीसशे, पाच हजार दोनशे. तीन वर्षांचे एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. काकूंनी तोंडी केलं, मुलगा मोबाइलवर करत होता, त्याचं उत्तर नंतर आलं.

मुलगा म्हणाला, भाड्याच्या मानाने जास्त नाही का? तर काकू, ‘सहा टक्केसुद्धा होत नाहीत. सरकार मला भाड्यातून दुरुस्ती-वसुलीचे म्हणून तीस टक्के सोडतं, मी खर्च करो न करो. त्यातला एवढासा भाग ज्याने वसुली केली त्याला द्यायला मला जड नाही.’ बघा, म्हाताऱ्या माणसाला सगळं ठाऊक!

रिडेव्हलपमेंटचं वेगळं काढलं. पण त्यात गंमत झाली. बिलात होतं, ‘सोसायटी मीटिंग, नग सात’. काकू म्हणाल्या, ‘मीटिंगला तू कधी आलास?’ अहो, खरंच की! आपल्या उपविधीतच आहे ना, जनरल बॉडीला प्रॉक्सी चालत नाही, पॉवरवालाही चालत नाही. मेंबरनेच बसायचं. पहिल्या वेळी सेक्रेटरींनी त्याला दारातून परत पाठवलं होतं, मी स्वतः पाहिलंय, वॉचमनच्या खुर्चीवर बसून क्रिकेट बघत होता. मीटिंगला प्रत्येक वेळी काकू वॉकर घेऊन स्वतः आल्या. कालनिर्णयावर लिहिलेलंच: ‘मीटिंग. मी गेले. पंखा बंद.’

आणि दुसरी ओळ, ‘एअरपोर्ट हाइट एनओसी पाठपुरावा’. हे ऐकून वकीलकाकांना ठसकाच लागला. आपल्या जुहूच्या विमानतळामुळे, 1928 पासून बसलंय ते उरावर, इमारतीच्या उंचीची परवानगी एअरपोर्ट अथॉरिटीकडून आणावी लागते हे खरं. पण ती आणायची बिल्डरने! ह्याने पाठपुरावा कोणाचा केला, वॉचमनचा? ती ओळ कापली. करार वाचणं, एरिया मोजताना हजर राहणं, वकिलाकडे जाणं, रजिस्ट्रेशन, ह्याचे कालनिर्णयावर साठ तास भरले. आठशेने अठ्ठेचाळीस हजार. ते मान्य. एकूण झाले दोन लाख पस्तीस हजार दोनशे.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला उन्हात उभं केलं नसतं. पुढचं ऐका.

काकू म्हणाल्या, ‘आता वजा कर पंचेचाळीस हजार.’ कसले? तर चार बंगल्याचा भाडेकरू आणला त्या ब्रोकरने नव्वद हजार ब्रोकरेज घेतलं होतं आणि त्यातले अर्धे ह्याला दिले होते! काकूंना कोणी सांगितलं? ब्रोकरनेच! दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन आला होता, बोलता बोलता म्हणाला, ‘आपके भतीजे को भी खूश किया है.’ तेव्हापासून काकू गप्प. त्या दिवशीच्या चौकोनात नुसतं ‘काजूकतली. 45’ लिहिलेलं. मला आधी वाटलं, पंचेचाळीस तुकडे.

वकीलकाकांचा आवाज एकदम कोर्टातला झाला. ‘मालकाच्या व्यवहारात एजंटने गुपचूप मिळवलेला पैसा मालकाचा. आणि ज्या कामात गैरवर्तन झालं, त्या कामाची मजुरीही जाते, कलम 220.’ पुतण्या जमिनीकडे बघत होता. मुलगा उठलाच, म्हणाला आत्ताच्या आत्ता पॉवर रद्द कर, आई. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण काकू काय म्हणाल्या? ‘पंचेचाळीस कापले, झालं. गीझर फुटला त्या रात्री हा आला होता. तू नव्हतास.’

अहो, काय शांतता पसरली म्हणून सांगू. पंख्याचा आवाज येत होता.

माझं विचाराल तर पुतण्या चोर नाही हो. ठरवलं नव्हतं ना काही! तीन वर्षं कोणी ‘तुझं काय?’ म्हणून विचारलं नाही, मग माणूस आपला आपण हात मारतो, आणि एक दिवस एक्सेल घेऊन येतो. मुलाचंही बरोबर नाही. तिकडे कुत्र्याला फिरवणाऱ्याला तासाने डॉलर मोजतो आणि इथे भावाला म्हणे आशीर्वाद पुरे. तुम्ही काही म्हणा.

हं, आणि टॅक्स राहिलाच. मुलीने फोनवरून डोकं चालवलं. काकूने पुतण्याला प्रेमाने भेट दिली तर त्याला टॅक्स नाही, काकू नातेवाइकांच्या यादीत बसते, मग भेट म्हणूनच दाखवा ना! पुतण्याचे डोळे चमकले. काकू म्हणाल्या, ‘तासाचा भाव लावून घासाघीस केलीत, आता भेट कसली? मजुरी आहे, मजुरी म्हणून दाखवायची.’ गणिताच्या बाई शेवटी.

आता हिरवं पेन. मी म्हटलं ना येते म्हणून. ते सगळं पुतणसुनेचं! ‘डबा.’ ‘डोळ्यांत औषध, चार वेळा.’ ‘कूपर हॉस्पिटलला रिपोर्ट.’ ‘ताप, रात्री राहिली.’ निळ्याच्या दुप्पट हिरवं, मी लांबूनसुद्धा पाहिलं. तिचं नाव पॉवरमध्ये नाही, बिलातही नाही. नवऱ्याने पेट्रोल लावलं, हिच्या रिक्षाचे पैसेसुद्धा लावले नव्हते! ती आतून पोहे घेऊन आली तेव्हा काकूंनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘तुझे तास जास्त आहेत.’ ती नुसती लाजली, म्हणाली, ‘काकू, काय हे, त्याचे काय पैसे?’ आणि वकीलकाकांकडे त्याला कलम नव्हतं. पहिल्यांदाच. नुसते पोहे खात राहिले.

मग काकूंनी जे काढलं ना... नवी पॉवर! दोघांच्या नावाने, नवरा-बायको. बँकेचं आणि भाड्याचं कोणीही एकाने करावं, फ्लॅटच्या कुठल्याही कागदावर दोघांच्या सह्या लागतील. आणि मोबदला वेगळ्या पत्रात आधीच लिहून: महिन्याला ठरावीक आठ हजार, अर्धे तिच्या खात्यात, तिच्याच. मोठं काम निघालं तर आधी तास सांगायचे, मग करायचं. खर्च पावती दाखवून. ब्रोकर, बिल्डर, कोणाकडूनही काही घेतलं तर ते काकूंचं. दर तीन महिन्यांनी हिशेब काकूंना, प्रत मुलाला आणि मुलीला. मुलगा म्हणाला, आठ हजार जरा... काकूंनी नुसतं हिरव्या पेनाच्या पानावर बोट ठेवलं.

वकीलकाका जाता जाता मला जिन्यात म्हणाले, घाई करा म्हणावं. आपल्याकडची पॉवर माणूस शुद्धीत, भानावर असेपर्यंतच चालते. स्मृती गेली, कोमात गेला, की कागद असून नसल्यासारखा, कितीही स्टँप मारलेले असोत. मग हायकोर्टात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात बँकेची खाती अडकतात, हॉस्पिटलची बिलं थांबत नाहीत. काकूंचं डोकं आज आपल्या सगळ्यांपेक्षा लखलखीत आहे, पण चौऱ्याऐंशी वय. तेव्हा मृत्युपत्राचंही बघून घ्या म्हणाले, पॉवर माणसाबरोबर संपते. मी काही काकूंना हे सांगितलं नाही. सांगायला गेले तर त्यांनी कपाटातून मृत्युपत्र काढून दाखवलं असतं.

अय्या, बघा, ती खाली बघतेय. हात करा, हात करा. हसा की!

तर बुधवारी अंधेरीच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला जायचंय. दोन साक्षीदार लागतात. एक मी. ह्यांना नेणार नाही, तिथल्या क्लार्कला रंगो बापूजी सांगत बसतील आणि टोकन जाईल. तुम्ही येता का? आधार कार्ड घ्या, झेरॉक्ससुद्धा. रिक्षाचे पैसे काकू देणार आहेत, पावती मिळत नाही म्हणून आधीच विचारून ठेवलंय मी.